बोट लावू नका, मासा ताजा आहे

सांगवीत रविवारी सकाळी नऊच्या सुमारास जेवढे निष्णात वैद्य एका ताडपत्रीभोवती जमतात, तेवढे बारामतीच्या कुठल्याही दवाखान्यात आठवडाभरात दिसायचे नाहीत. फरक एवढाच, की इथले सगळे पेशंट आधीच गेलेले असतात. त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. पेशंट गेला हे सर्वांना मान्य असतं. वाद असतो तो केव्हा गेला यावर.

बारामती-फलटण रस्त्यावर, नीरेच्या अलीकडे आमचं गाव. पूल ओलांडला की सातारा जिल्हा. पुणे जिल्ह्यात पिंपरी-चिंचवडकडे आणखी एक सांगवी आहे. तिथल्या लोकांना म्हणे मासा साफ करून, पीस पाडून, पिशवीवर तारीख छापून घरपोच मिळतो. आमच्याकडे मासा असा सरळ घरी येत नाही. तोंडी परीक्षा देऊन येतो, आणि परीक्षक पंधरा-वीस असतात.

नदी दाराशी असली तरी आमच्या ताटातला बराचसा मासा उजनीचा. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. इंदापूर तालुक्यातली गावं, मळे, देवळं पाण्याखाली गेली आणि 117 टीएमसीचा जलाशय उभा राहिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. लोक ते बघायला जातात आणि येताना भिगवणला मासे खातात. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. लोक ते बघायला जातात आणि येताना भिगवणला मासे खातात. यंदा देऊळ वर आलंच नाही किंवा पक्षी उशिरा आले, म्हणून कुणी उपाशी परतल्याचं ऐकिवात नाही.

भिगवणच्या बाजारात मासळीचा लिलाव होतो. तिथं एक गोष्ट बघण्यासारखी आहे. क्विंटलनं माल उचलणारा व्यापारी मासा दाबत नाही. ढिगावर एक नजर टाकतो, बोली बोलतो आणि पुढच्या ढिगाकडे सरकतो. तोच माल मोटारसायकलला बांधलेल्या पाट्यांतून बारामती ओलांडून सांगवीत पोचतो, आणि मग अर्धा किलो घेणारा माणूस समोर उकिडवा बसून त्यातला प्रत्येक मासा उलटापालटा करून बघतो. गुंतवणूक जेवढी लहान, तपासणी तेवढी खोल.

या तपासणीत आमच्या गावात चार घराणी आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.

पहिलं घराणं डोळ्यांचं. यांच्या मते मासा खोटं बोलत नाही, कारण त्याला पापणी नसते. ताज्या माशाचा डोळा फुगीर, पारदर्शक, बाहुली काळीभोर. शिळ्याचा डोळा खोल गेलेला आणि दुधाळ. हे खरंच आहे. पण डोळ्याला बर्फ लागून राहिला तर चांगल्या माशाचाही डोळा पांढुरका पडतो, हे या घराण्याला सांगायची सोय नाही. आमच्या आत्या या घराण्यातल्या. त्या माशाच्या डोळ्याला डोळा भिडवतात आणि मग विकणाऱ्या मावशींच्या डोळ्याला. दोघांपैकी ज्याचा डोळा आधी हलेल तो शिळा. जपानमधल्या संशोधकांनी माशाच्या डोळ्यातल्या द्रवावर अतिनील किरण टाकून, तो द्रव कसा चमकतो यावरून ताजेपणा सांगता येतो का, याचा अभ्यास केला आहे. आत्यांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बघितलंस? त्यांनी पण डोळाच बघितला. कल्ला न्हाय बघितला.”

दुसरं घराणं कल्ल्यांचं. हे लोक बोलत नाहीत. आल्या-आल्या अंगठ्यानं कल्ल्याचं झाकण उचकटतात. आत लाल दिसलं तर ताजा, तपकिरी दिसलं तर कालचा, राखाडी दिसलं तर चालू लागायचं. रक्तातलं हिमोग्लोबिन हवेनं बदलतं आणि लालाचा तपकिरी होतो, इतकं सरळ हे गणित. पण लाल रंग फारच लाल असला तर या घराण्यात फूट पडते. कुणी म्हणतो ताजा, कुणी म्हणतो रंग लावलाय. मग एखादा मुरलेला जाणकार कल्ल्यात बोट घालून ते पांढऱ्या धोतराला पुसून बघतो. डाग पडला तर त्याचा अर्थ काय, यावर पुन्हा दोन मतं. त्यांच्या घरच्यांचं मत मात्र एकच असतं.

तिसरं आणि बहुसंख्य घराणं बोटाचं. पाठीवर बोट रोवायचं, उचलायचं, खळगा भरून येतो का ते बघायचं. भरून आला तर ताजा, खड्डा तसाच राहिला तर शिळा. ही कसोटीही खोटी नाही, फक्त अर्धी आहे. मासा मेल्या-मेल्या मऊच असतो. काही वेळानं ताठतो. मग पुन्हा मऊ पडतो. उमेदवाराचंही तसंच, अर्ज भरताना मऊ, निवडून आल्यावर ताठ, पडल्यावर पुन्हा मऊ. तेव्हा नुसता मऊपणा बघून तो कुठल्या टप्प्यात आहे हे कळत नाही. जाळ्यातून आत्ताच निघालेली चिलापी हाताला लिबलिबीत लागली म्हणून परत टाकणारे आणि शेजारची बर्फात कडक झालेली थाटात घरी नेणारे महाभाग याच घराण्यातले.

चौथं घराणं नाकाचं. हे वाकून वास घेतात आणि मग वर बघतात, जणू आकाशात निकाल लागणार आहे. समुद्राचा मासा असेल तर नाकाला थोडा आधार आहे. समुद्री माशाच्या अंगात एक द्रव्य असतं, त्यावर जिवाणूंनी काम केलं की ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं. ‘मासळीचा वास’ म्हणून जो प्रसिद्ध आहे तो त्याचा. जगभरच्या प्रयोगशाळा हे मोजतात. पण गोड्या पाण्यातल्या माशात हे मूळ द्रव्यच फार थोडं असतं. म्हणजे समुद्रावर ज्यांनी नाक तयार केलं त्यांनी उजनीवर ते खिशात ठेवावं. उलट आमच्या माशाला कधीकधी मातीचा वास येतो. तो शिळेपणाचा नाही. पाण्यातल्या शेवाळातून आणि सूक्ष्मजीवांतून येणाऱ्या जिऑस्मिन नावाच्या द्रव्याचा तो वास. पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो गंध येतो, त्यातही हेच द्रव्य. तोच वास अंगणातून आला की जावईबापू कवितेच्या गोष्टी करतात आणि कालवणातून आला की वाटी बाजूला सारतात.

आता हा सगळा कारभार चालू असताना माशाचं काय होत असतं ते बघा. सकाळी पाटीतून निघालेली चिलापी धडधाकट असते. मुळात चिवट जात. मूळचा आफ्रिकेतला, हिच्या कुळातला मासा 1952 साली भारतात आणला. एकदा शिरकाव मिळाल्यावर त्यानं जागा सोडली नाही. बारामती परिसरात याचं कुणाला नवल वाटत नाही. तर ही चिलापी नऊ वाजता पहिलं बोट खाते. दहा वाजेपर्यंत तिच्या पाठीवर अख्ख्या गल्लीचे ठसे असतात. अकराला तिच्या कल्ल्याचं झाकण आपोआप उघडं राहायला लागतं. दर वेळी कुणीतरी तिला बर्फातून उचलतं, उन्हात धरतं, बाजूच्या माणसाला दाखवतं, “काय वाटतंय तुम्हाला?” असं विचारतं आणि बर्फाच्या बाहेरच ठेवून देतं. बाराच्या सुमारास एखादा उशिरा उठलेला गृहस्थ येऊन पाठ दाबतो, खळगा भरत नाही, आणि तो विजयी मुद्रेनं म्हणतो, “शिळा हाय!” तो शिळा असतोच. पण तो भिगवणात शिळा झालेला नसतो, रस्त्यातही नाही. तो तपासून तपासून शिळा झालेला असतो.

या बाबतीत आम्ही सांगवीकर एकटे नाही, हाच काय तो दिलासा. शास्त्रज्ञांचंही फार वेगळं नव्हतं. जपानमध्ये 1959 साली साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताजेपणाचा एक आकडा मांडला. त्याला के-मूल्य म्हणतात. जिवंत प्राण्याच्या स्नायूंत शक्ती एटीपी नावाच्या रेणूत साठवलेली असते. जीव गेला की हा रेणू पायरीपायरीनं मोडत जातो. मधल्या एका पायरीवर जे तयार होतं त्यानं माशाला गोडी येते. पुढच्या पायऱ्यांवर ती गोडी जाते आणि शेवटी कडवटपणा उरतो. शेवटच्या दोन पायऱ्यांवरचा माल एकूण मालाच्या किती टक्के आहे, ते के-मूल्य. वीस टक्क्यांच्या खाली असेल तर मासा कच्चा खाण्याजोगा. सांगवीत कच्चा मासा खाणारा माणूस अजून बघितलेला नाही. आमच्याकडे हिरव्या मसाल्याचं वाटण, तिखट, तेल आणि वरून कोथिंबीर एवढं झाल्यावर के-मूल्य कुणी विचारत नाही. पण आकडा चोख आहे. अडचण अशी, की तो काढायला माशाचा तुकडा कापून, आम्लात वाटून, गाळून यंत्रात सोडावा लागतो. काही तासांनी निकाल हाती येतो, तेव्हा मासा हाती नसतो. त्या माशाबद्दल मग खात्रीनं एवढंच सांगता येतं, की तो चांगला होता. हे तर आपण गेलेल्या कुणाहीबद्दल म्हणतोच.

म्हणून जगभर एकच ध्यास लागला: मासा न कापता, न दाबता, झटपट ताजेपणा मोजायचा. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला टॉरी नावाचं संशोधन केंद्र होतं. तिथल्या मंडळींनी गेल्या शतकाच्या सत्तरीत हातात धरायचं एक यंत्र काढलं. ते माशाच्या कातडीला टेकवायचं. आतून अगदी बारीक विद्युतप्रवाह जातो. पेशींची आवरणं शाबूत असतील तर एक आकडा, ती ढासळत गेली तर आकडाही घसरत जातो. वरची मर्यादा सोळा. कापाकापी नाही, वाटावाटी नाही, काही सेकंदांत निकाल. फक्त एक पथ्य: एकदा गोठवून पुन्हा वितळवलेला मासा या यंत्रापुढे धरायचा नाही. गोठताना पेशींची आवरणं आधीच फुटलेली असतात, त्यामुळे आकड्याला अर्थ राहत नाही.

हे पथ्य आमच्याकडे महत्त्वाचं आहे, कारण ताडपत्रीच्या एका कडेला थर्माकोलच्या डब्यात समुद्राची पाहुणे मंडळीही असतात: बांगडा, सुरमई, क्वचित पापलेट. ही मंडळी किती गावं फिरून, कितीदा गोठून-वितळून आली हे त्यांनाही सांगता येणार नाही. पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात समुद्राची, खाडीची, नदीची मासळी येते, आणि रहू-कतला तर थेट आंध्र प्रदेशातून बर्फात येतात. म्हणजे उजनीच्या काठावर बसून आंध्रचा रहू ‘लोकल’ म्हणून खाण्याचं भाग्य कुणालाही लाभू शकतं. त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. उष्ण पाण्यातले मासे बर्फात थंड पाण्यातल्या माशांपेक्षा जास्त दिवस टिकतात. त्यांच्या अंगावरच्या जिवाणूंना उबेची सवय असते आणि बर्फात त्यांचा कामाचा उत्साह मावळतो. तेव्हा नीट बर्फात आलेला आंध्रचा पाहुणा उन्हात दोन तास परीक्षा दिलेल्या घरच्या चिलापीपेक्षा तरतरीत असू शकतो. पण हे ताडपत्रीसमोर बोलायची हिंमत कुणाची नाही. अस्मिता बर्फात ठेवता येत नाही.

समुद्राच्या पाहुण्यांची एक धास्तीही आहे. बांगड्यासारखा मासा बर्फाविना राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं. त्याला वास असेलच असं नाही, आणि उकळून-तळून ते जात नाही. डोळा, कल्ला, बोट, नाक, चारही घराणी पास करतील आणि रात्री अंगावर गांधी उठतील. इथं उपयोगी पडणारा प्रश्न एकच: बर्फ पहिल्यापासून होता का? आणि हा प्रश्न माशाला विचारून उपयोग नाही.

माणसाच्या कसोट्या माहीत झाल्या, की त्या कसोट्यांना उत्तीर्ण होणारा मासाही तयार होतो. जुलै 2018 मध्ये गोव्यात फॉर्मेलिनचा गदारोळ उठला. बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन वापरलं जातं या संशयानं गोवा सरकारनं काही दिवस मासळीची आवकच थांबवली. गोव्यात मासळी बंद म्हणजे काय, हे आमच्याकडे कळायला साखर कारखाना बंद पडला असं म्हणावं लागेल. फॉर्मेलिनची गंमत अशी, की त्यानं मांस कडक होतं. म्हणजे बोटाच्या घराण्याला हा मासा अव्वल वाटणार. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या खोलीत काचेच्या बरणीत जो मासा आमच्या आधीच्या आणि नंतरच्या पिढ्यांकडे ताठ मानेनं बघत राहिला, त्याचंही रहस्य हेच. दाबून बघितला असता तर सगळ्या गावानं तोच घेतला असता.

कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं त्याच वर्षी अमोनिया आणि फॉर्मेलिन ओळखायच्या कागदी पट्ट्या बाजारात येतील अशी व्यवस्था केली. पट्टी माशाच्या अंगावर घासायची, वर औषधाचा थेंब टाकायचा, रंग बदलतो का बघायचं. मासा जसाच्या तसा. स्वस्त, सोपं, काही मिनिटांचं काम. पण आमच्या तात्यांना ही पट्टी पटलेली नाही. त्यांचा भरवसा माशीवर. ते ताडपत्रीपासून चार पावलांवर हात मागे बांधून उभे राहतात आणि बघतात. “माशी बसली म्हंजी औषध न्हाय,” हा त्यांचा सिद्धांत. पण माशा फारच बसल्या तर तेच म्हणतात, “लई माशा हायेत, शिळा असंल.” नेमक्या किती माशा म्हणजे शुद्ध आणि ताजा, हे प्रमाण त्यांच्या एकट्याच्या डोक्यात आहे. एवढं खरं, की माशी हे यंत्र जलद आहे, विनामूल्य आहे आणि नमुन्याला बोट लावत नाही. पाय लावते, पण त्याचा विचार तात्या करत नाहीत.

तात्यांकडे आणखी एक साधन आहे आणि ते सगळ्या यंत्रांहून बिनचूक: पंचांग. सोमवारी शंकराचा वार, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. शिवाय एकादशी, चतुर्थी. उरतात ते दिवस मासळीचे. त्यात रविवार आणि बुधवारचा खप मोठा, म्हणून माल भरपूर आणि उलाढाल जलद. मंगळवारी मात्र तात्या मासा घेत नाहीत. देवीचा वार म्हणतात. खरं कारण असं, की सोमवारी गिऱ्हाईक नव्हतं. मंगळवारच्या ताडपत्रीवर रविवारचे चेहरे पुन्हा दिसण्याची भीती. तात्यांची देवीवर श्रद्धा आहेच, पण ती कल्ल्यातून गेलेली आहे.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं. त्या दिवसांत या पट्ट्यात पाटी उपडी असते. समुद्राकडेही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. मग आषाढ संपता संपता, श्रावण लागायच्या आदल्या दिवसांत, सगळा तालुका एकदम मासळीवर तुटून पडतो. त्या दिवसांत डोळा, कल्ला, बोट, नाक यांपैकी काहीही तपासलं जात नाही. मागणी पुरेशी मोठी असली, की प्रत्येक मासा ताजा असतो. एरवी कल्ल्यात डोकं घालणारी माणसं त्या दिवशी “कुठला बी द्या, पण द्या” म्हणताना ऐकली, की मनुष्यस्वभावाचं के-मूल्य काढायची गरज उरत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच घराण्याला आणि यंत्राला सापडत नाही. मासा मेला केव्हा हे सगळे सांगतात. मेला कशानं हे कुणी सांगत नाही. नीरेचं पाणी उन्हाळ्यात कधी काळं पडतं, फेसाळतं, आणि मासे पोट वर करून तरंगतात. तो मासा तासाभरापूर्वीच गेलेला असतो. डोळा फुगीर, कल्ला लाल, आकडा सोळाच्या जवळ. ताजेपणाच्या सगळ्या परीक्षांत पहिला. त्या दिवशी गावातलं कुणीही त्याला बोट लावत नाही. परीक्षा न घेता एकमतानं नापास होणारा मासा तेवढाच, आणि त्यात खरं तर नापास मासा झालेला नसतो.

आता बारामती म्हटल्यावर यंत्र येणार हे धरून चालायचं. उसाचंच बघा. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. उपग्रह वरून बघतो, जमिनीतली उपकरणं खालून बघतात आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर सांगतात, की पाणी किती आणि केव्हा. जगात माशांचंही तसं चाललं आहे. डोळ्याचा, कल्ल्याचा फोटो काढून संगणकाला ताजेपणा ओळखायला शिकवतात. न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून मांसाचा अंदाज घेतात. वास ओळखणारी कृत्रिम नाकंसुद्धा आहेत. म्हणजे आमची चारही घराणी एकेका पेटीत बंद करून झाली. उद्या त्यातली एक पेटी सांगवीच्या ताडपत्रीवर आली तर काय होईल, हे डोळ्यांसमोर उभं करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

मावशी पेटी चिलापीला टेकवतील. चौदा.

“चौदाच?” पहिलं गिऱ्हाईक विचारेल. “सोळाचा न्हाय का?”

“अवो, सोळा म्हंजी पाण्यातच असतोय त्यो.”

“मग चौदाला सोळाचा भाव कशाला लावताय? दोन कमी हायेत, वीस रुपये कमी करा.”

दुसरं गिऱ्हाईक तोच मासा पुन्हा मोजायला लावेल, कारण मघाशी मोजला तेव्हा ते नव्हतं. तिसरं म्हणेल, यंत्र कंपनीनं मावशींना दिलंय, तेव्हा ते त्यांच्याच बाजूनं बोलणार. चौथं आपल्या मोबाइलवरचं वेगळं यंत्र काढेल, त्यावर साडेतेरा येईल, आणि चौदा खरे की साडेतेरा यावर ग्रामपंचायतीपर्यंत विषय जाईल. आत्या पेटीकडे न बघता माशाच्या डोळ्याकडे बघत राहतील. आणि हे सगळं झाल्यावर प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण, हळूच बोट पुढं करून एकदा पाठ दाबून बघेल. यंत्राला दुखवायचं म्हणून नाही. आपल्या पैशानं घेतलेली वस्तू आपण पारखून घेतली, हे घरी सांगायला काहीतरी हवं ना! “यंत्रानं सांगितलं” या वाक्याला सांगवीच्या कुठल्याही स्वयंपाकघरात मान नाही. “मी स्वतः दाबून आणलाय” याला आहे. कालवण बिघडलं तर यंत्राला बोलणी बसत नाहीत.

ताज्या माशाची पारख होते ती खरी बोलण्यातून, बोट हे नुसतं निमित्त. बोट रोवायचं आणि विचारायचं, “कवाचा?” मावशी म्हणणार, “पहाटंचा.” पुन्हा रोवायचं. “कुठला?” “उजनीचा, दुसरा कुठला?” “बर्फातला?” “बर्फ का फुकट मिळतोय?” या तीन उत्तरांत आवाज कुठं अडखळला, हे ऐकण्यासाठी बोट तिथं लागतं, बोट नसेल तर माणूस नुसता चौकशी करणारा ठरतो. मासा गप्प असतो, यंत्रही गप्प असतं. बोलतात त्या मावशी, आणि पुढच्या रविवारी त्यांना याच जागी बसायचं असतं. या एका गोष्टीत जेवढी हमी आहे तेवढी सोळापैकी सोळा आकड्यातही नाही. फक्त ही हमी मिळवायला चिलापीच्या पाठीचा चेंदा करायची गरज काय, हा प्रश्न उरतो. तो मी मावशींनाच विचारला.

मावशी कोयत्यानं खवले काढत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, की मासा न दाबता ओळखायचं आम्हाला ठाऊक नाही, पण गिऱ्हाईक न दाबता ओळखायचं त्यांना पाठ आहे. गाडी चालू ठेवून उभा राहिला तर तो घेणार आणि घासाघीस करणार नाही. गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली तर बोलत बसणार. फोन कानाला लावून मासा बघतोय तर निकाल घरून येणार, त्याच्याशी बोलून उपयोग नाही. भाव आधी विचारणारा घेतो. भाव न विचारता तीन मासे उलटे करणारा कधीच घेत नाही. पोट दाबणारा उद्या येतो म्हणतो आणि येत नाही.

“आन् हे सगळं किती वेळात कळतं?”

“पाटीपातूर यायच्या आत.” त्यांनी कोयता पुसला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या डोळ्यांकडे नाही, हातांकडे. “तुम्ही पिशवी न्हाय आणली, दादा. बोट काढा.”